राखेची उंची

बाबा, तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली आणि आज मी वैतागून लिहायला बसलेय. भिवंडीतल्या घरात लॅपटॉपवर मी ज्वालामुखीची राख आभाळात कुठे पसरेल याचे नकाशे काढते, विमानांनी त्या वाटेला जाऊ नये म्हणून. राख किती उंच उडाली तो आकडा आपण भरायचा, मग मॉडेल तिला थराथरातल्या वाऱ्याबरोबर पुढे ढकलत नेतं. उंची चुकली की सगळं मुसळ केरात. लोकांना मात्र हवी असते एकच ठसठशीत रेघ. 'शक्यता' म्हटलं की तोंडं वाकडी होतात. डोकं फिरतं अगदी.

अंजूरच्या शेतात भाताच्या रोपांसाठी आपण राब भाजायचो. मे महिन्यातली ती सकाळ. पाला, शेण पसरून झालंय, तुम्ही पाणी प्यायला गेलाय आणि मी हौसेनं काडी लावते. खाली वारा खाडीकडे वाहत होता, मला वाटलं धूर तिकडेच जाईल. वर गेल्यावर तो फिरला आणि जळक्या पानांची काळी राख शेजारच्या काकूंनी वाळत घातलेल्या कुरडयांवर पडली. काकू बांधावर आल्या, "आता ह्या कोन खानार?" तुम्ही धावत येऊन म्हणालात, "राब मीच पेटवला, वहिनी. चूक माझी हाय." मी तुमच्यामागे काडेपेटी लपवत उभी. घरी जाताना एवढंच बोललात, "धूर जिथवर चढतो तिथला वारा बघायचा. आनि चुकलं तर तोंड उघडायचं. परत मी न्हाय बोलनार तुझ्यासाठी." तेव्हा तुमचा राग आला होता, अजून थोडा आहे.

गेल्या आठवड्यात समुद्रापलीकडे एक ज्वालामुखी फुटला. उंचीचा सुधारित आकडा आलेला होता, मी घाईत सकाळचा जुनाच भरला. नकाशात राख दक्षिणेला गेली, प्रत्यक्षात उत्तरेला. विमानं आयत्या वेळी परत फिरवावी लागली. मीटिंगमध्ये साहेब म्हणाले, वाऱ्याचे आकडेच खराब होते. ते आकडे देणारी मुलगी कंत्राटावर आहे. आता तिची मुदत वाढवणार नाहीत म्हणतात. साहेबांवर चिडले, मॉडेलवर चिडले, स्वतःवर तर सर्वात जास्त.

हे तुम्हाला पोचणार नाही, म्हणूनच इतकं लिहिता आलं. मीटिंग संपल्यावर त्या कंत्राटी मुलीनं मला फोन करून विचारलं, "ताई, उंची बरोबर भरली होती ना?"

मी हो म्हणाले.