या घरात ‘येतो’ म्हणायचं नाही

३ तारीख, सोमवार

पोरी, माफ कर. तू ही वही देऊन आठ दिवस झाले आणि मी आज लिहायला बसतोय. रोज लिहा, मी येऊन वाचेन म्हणालीस, पण माझी शाळा चौथीपर्यंतची. पेन शोधण्यातच दिवस जातो. असो. नोकरी झकास आहे. नावाजलेलं भुताचं घर म्हणून लोक लांबलांबून बघायला येतात. दहाला कुलूप काढायचं, झाडायचं, पाच खोल्या दाखवायच्या, पाचला कुलूप लावायचं. राहायला फाटकाजवळ खोली आहे. नळाला पाणी आहे. पाणी जड आहे का, पोटाला बाधेल का, एवढीच धास्ती.

५ तारीख, बुधवार

इथे भूत आहे की नाही, यावर व्हरांड्यात रोज जुंपते. निवृत्त मास्तर म्हणतात नाही, समोरचा शिंपी म्हणतो आहे. आज मास्तरांनी त्याला विचारलं, भुताचं माप कधी घेतलंस का? तो म्हणाला, घेतलं, तुमच्याच अंगाचं निघालं. मी हसून हसून खोकलो.

शिंपी निघताना ‘जातो’ म्हणतो. असं अभद्र बोलू नये, येतो म्हणावं, असं मी सांगितलं. तर म्हणाला, काका, या घरात नाही. हे घर शब्दाला धरून बसतं. येतो म्हणून गेलेल्या माणसातलं काहीतरी खरंच परत येतं. मास्तर उठले आणि मुद्दाम मोठ्यांदा ‘येतो रे घरा’ म्हणत पायऱ्या उतरले.

६ तारीख, गुरुवार

सकाळी कुलूप काढलं तर मास्तर मधल्या खोलीत, खुर्चीवर. मागच्या दाराने आले असतील म्हटलं. ते दार खिळे ठोकून बंद केलेलं आहे, हे नंतर आठवलं. चहा दिला, प्यायले नाहीत. भिंतीकडे बघत बसले होते. कप घेऊन बाहेर आलो तर फाटकातून मास्तर येत होते, छत्री झटकत. चहा कुणाला दिलात, म्हणून विचारलं. मी त्यांना आत नेलं. त्यांना खुर्ची रिकामी दिसली. मला नाही.

८ तारीख, शनिवार

मास्तर आले नाहीत. शिंपी त्यांच्या घरी जाऊन आला. म्हणाला, स्वतःच्या बायकोला ‘आपण कोण’ विचारतात. खुर्चीतले मास्तर मात्र आज पहिल्यांदा बोलले. अगं, माझा चष्मा कुठे ठेवलास, असं विचारत होते.

नोकरी सोडतो. महिना भरला की सोडतो.

९ तारीख, रविवार

तू न कळवता आलीस. माझ्या गोळ्या घेऊन. बरंही वाटलं, रागही आला. तुला घरात येऊ दिलं नाही, व्हरांड्याच्या पायरीवरच बसवलं. सांगणार होतो सगळं. भिशील म्हणून गप्प बसलो. चूक माझी. बस चुकेल म्हणून तू उठून पळालीस आणि सवयीनं म्हणालीस, येते हं बाबा.

मी मागे धावलो. जाते म्हण, जाते म्हण, म्हणून ओरडत होतो. तू हसून हात हलवलास. बस गेली.

१० तारीख, सोमवार

कुलूप काढलंच नाही. आत कुणीतरी फिरतंय. डावं पाऊल जरा घासतं. तुझं घासतं तसं —

शिंप्याच्या दुकानातून तुला फोन लावला. बोललीस नीट. पण मी कुठे राहतो, ते दोनदा विचारलंस.

११ तारीख

शिंपी म्हणतो, काका, पळा. कसा पळू? आत निम्मी तू आहेस. परत कसं पाठवायचं, ते त्यालाही ठाऊक नाही. दाराला तोंड लावून म्हणालो, जा पोरी, आपल्या घरी जा. आतून रडणं ऐकू आलं. मग —

नाही लिहवत.

१२

फोन केला. कोण बोलतंय, म्हणालीस. बाबा, म्हटलं. राँग नंबर, म्हणालीस.

वही शिंप्याबरोबर पाठवतोय. तो थांबलाय. वाचून काही आठवलं तर — एकदा बाबा म्हण. फोनवर, चिठ्ठीत, कसंही. पण लवकर कळव. आज कळव. आतून हाका चालू आहेत. मी ओ दिलेली नाही. अजून नाही. पण आवाज तुझा आहे गं, आणि ती म्हणतेय, बाबा, मला इथे एकटीला —