टाकाचा घाव

ती. आईस, लेकीचा लांबूनच नमस्कार.

मी बरी आहे. डाव्या हाताने लिहितेय, म्हणून अक्षर वाकडं.

पेपरच्या ऑफिसातल्या ज्या काकांनी मला टाक धरायला शिकवलं, त्यांचं पेन्सिलीतल्या कार्टूनच्या रेघा शाईने पक्क्या करायचं काम साहेबांनी काढून मला दिलं, कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर करायला. काका शांतपणे उठले. "यात रेघ पुसता येते ना? मग ही पूस," म्हणाले आणि टाक माझ्या उजव्या हातात खुपसला. शाई, रक्त एकत्रच सांडलं. ते पुन्हा धावून आले, तेव्हा ऑफिसातल्याच चौघांनी त्यांना खाली पाडून तोंड फुटेस्तोवर बडवलं. शेवटी मीच म्हटलं, "पुरे करा."

बोटं हलतात. बाबांना सांग, काच लागली. त्यांचा गुडघा कसा आहे?

सोमवारी कामावर जाईन. खुर्ची तेवढी दाराकडे तोंड करून ठेवायला सांगितलीय.

तुझी,
धाकटी