बोलवायचा आवाज

३ नोव्हेंबर, सोमवार

पुन्हा चावली! डाव्या मनगटावर दातांचे ठसे उठलेत. शालू सहा वर्षांची, पण दात वाघिणीचे. तोंडातून शब्द मात्र एक नाही — आजवर कधीच नाही. रडली तर नुसते हुंदके, आवाज नाही.

चावण्याचं काही नाही, त्याचा पगार मिळतो मला. आज वेगळंच झालं. पडेगावात शालूच्या घरी तिला शिकवत होते. फाटक उघडं राहिलं आणि पोरगी सुटली — थेट दौलताबाद रोडकडं! मी मागं. “शालू! शालू, थांब!” समोरून ट्रक. आणि बाजेवर बसलेल्या आजोबांनी, मुंजाबा बाबांनी, जीभ टाळूला लावून एक आवाज काढला. ट्रर्रर्र — लांब, शेवटी वर जाणारा. मेंढरांना साद घालतात तसा.

शालू जागच्या जागी थांबली. वळली. चालत येऊन त्यांच्या मांडीवर बसली.

आणि मला काय वाटलं? हायसं नाही. राग आला. मी तीन महिने घसा फोडतेय तिच्या नावानं!

६ नोव्हेंबर, गुरुवार

क्रांती चौकातल्या आमच्या विशेष मुलांच्या सेंटरवर मीटिंग. आमचे वरिष्ठ अभय सर, त्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, “आजोबा कायम बरोबर असणार आहेत का? तिला नावाला थांबता आलं पाहिजे. सोपी वाट उघडी असेल, तोवर नाव शिकणार नाही ती.” मग हसून, “शाळेत बाई काय मेंढरं वळवणार आहेत?”

मीही हसले. पण त्यांचं खरं आहे. ट्रक काही थांबायचा नाही. ठरलं — तो आवाज बंद.

१० नोव्हेंबर, सोमवार

बाबांना समजावलं. मेंढरं कधीच विकली, कुरणाचे प्लॉट झाले, तरी म्हातारा काठी जवळ घेऊन बसतो. म्हटलं, “बाबा, शालूला मेंढरासारखं हाकायचं नाही आता.”

“हाकत नाय बाई. बोलवतो.”

“एकच ना?”

“एक कसं आसंल? हाकायचा आवाज येगळा. त्यानं जनावर म्होरं पळतं. ह्यो बोलवायचा. ह्यानं माघारी येतं.”

मला पुढची व्हिजिट गाठायची होती. म्हटलं, तिला नावानं बोलवा. त्यांनी खाकरून हाक मारली, “शालू.” शेजाऱ्याच्या मुलीला मारावी तशी. तिनं मानही वर केली नाही. बाबा कसंनुसं हसले. म्हणाले, “तुमी शिकलेल्या. तुमी म्हनाल तसं.”

बिचारे लगेच ऐकतात, हेच वाईट. दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

१७ नोव्हेंबर, सोमवार

राजगिऱ्याच्या चिक्कीचे बारीक तुकडे. नाव घ्यायचं, तिनं पाहिलं की तुकडा. तिची आई दीपमाला माझ्यापेक्षा चटपटीत निघाली! नाव घेते, तुकडा देते, पाठीवर हात फिरवते. शालू वळायला लागलीय. एका दमात दोनदा वळली आज!

मग ती बाजेकडं गेली. बाबांच्या गळ्यावर तळहात ठेवला आणि उभी राहिली. “अशीच करती ती,” दीपमाला म्हणाली, “ते आवाज काढायले ना, की गळा धरून बसती. लई आवडतं तिला.” गळा थरथरतो, तो तिला हाताला लागत असणार.

शालू वाट बघत होती. बाबांनी माझ्याकडं पाहिलं.

मी मान हलवली. नाही.

त्यांनी तिचा हात हळूच काढून खाली ठेवला.

२० नोव्हेंबर, गुरुवार

पुन्हा तळहात. पुन्हा बाबांनी काढून ठेवला. या वेळी माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

२४ नोव्हेंबर, सोमवार

थांबली! फाटक उघडं, मी मुद्दाम दहा पावलं मागं — “शालू, थांब” — आणि थांबली! दीपमालानं माझ्या हातावर साखर ठेवली. मी घरात पळत गेले, “बाबा, जमलं!” ते भिंतीकडं तोंड करून निजले होते. म्हणाले, “ब्येस झालं.” खोकत होते.

३० नोव्हेंबर, रविवार

सिल्लोडहून आईचा फोन. “लोकांची लेकरं वळणावर लाव. तुझं कधी वळणावर यायचं?” पाहुणे बघायला येणार म्हणे. नाही म्हटलं. आईला नाव घेऊन थांबवायला कुठली चिक्की द्यावी?

४ डिसेंबर, गुरुवार

बाबांना दवाखान्यात ठेवलंय. फुप्फुसात पाणी. शालू रिकाम्या बाजेवर हात थापटत बसली होती, शिकायला येईना. दीपमालाला विचारलं, “तुला येतो का गं तो आवाज?”

“नाय ओ म्याडम. बायकांना कोन शिकवतंय? आन् ह्यांना बी नाय येत. ह्ये ल्हानपणापून शाळंत, मंग कंपनीत.”

म्हणजे त्या घरात तो आवाज एकट्या बाबांकडंच आहे. मला हे आधी विचारता आलं असतं.

८ डिसेंबर, सोमवार

दवाखान्यात जाऊन आले. नाकाला नळी. ओळखलं मला.

“थांबती का नावाला?”

“थांबते बाबा. अगदी लगेच.”

“मंग झालं.” डोळे मिटून पडले. मग म्हणाले, “यक डाव बोलवू का तिला? फोनवर? लांबूनच.”

आता काय लिहू? आमच्या कोर्सला पहिल्याच वर्षी शिकवतात — बंद केलेली गोष्ट मध्येच एकदा दिली की मूल पुन्हा पहिल्या पायरीवर. सगळी मेहनत वाया. माझ्या डोक्यात तेच आलं. समोर माणूस श्वासासाठी झगडतोय आणि माझ्या डोक्यात ते! आणि तोंडातूनही तेच निघालं — “आत्ता नको बाबा. अजून थोडे दिवस. घरी आलात की बोलवा.”

“बरं,” म्हणाले. “तुमाला कळतं.”

उद्या सेंटरवर बोलते. की सरळ फोनच लावून देऊ? उद्या संध्याकाळी जाते.

९ डिसेंबर, मंगळवार

सेंटरवर पालकांची बैठक लांबली. जाता आलं नाही. उद्या नक्की.

१० डिसेंबर, बुधवार

पहाटे बाबा गेले.

१५ डिसेंबर, सोमवार

घरी बायका बसलेल्या. बाज भिंतीला उभी करून ठेवलीय. मला कोपऱ्यात जागा दिली, चहा दिला. कुणी मला बोल लावला नाही. दीपमाला उलट मलाच म्हणाली, “म्याडम, तुमच्यामुळं पोरगी सुधरली, त्यांनी डोळ्यानं बघितलं.” मला तिथं बसवेना.

नावानं हाक मारली, शालू आली. चिक्की घेतली. मला चावलीसुद्धा नाही. चावली असती तर बरं वाटलं असतं.

अभय सर म्हणतात, उद्दिष्ट पूर्ण, आता दुसरी केस घे.

फोनमधले पहिल्या दिवसांचे सगळे व्हिडिओ पाहिले. बाबांचा आवाज एका ठिकाणी आहे. पण त्याच्यावर मी ओरडतेय — शालू! शालू! शालू! पुन्हा पुन्हा लावला. माझ्याच आवाजाखाली गेलाय.

१८ डिसेंबर, गुरुवार

शेवटची व्हिजिट म्हणून गेले. शालू फाटकाशी उभी. तिनं आपलाच तळहात आपल्याच गळ्यावर ठेवला.

ट्रर्रर्र.

बारीक, फाटका, पण शेवटी वर जाणारा. जन्मात पहिल्यांदा आवाज काढला पोरीनं! पाखडता पाखडता दीपमालाच्या हातातलं सूप खाली पडलं. पहिला आवाज आला की त्याच क्षणी बक्षीस द्यायचं, असा आमचा नियम. चिक्की माझ्या हातात होती. माझा हात उचलला गेला नाही.

कारण तिनं आमच्याकडं पाहिलंच नाही. बाबांना नेलं त्या रस्त्याकडं बघत होती. थांबली, वाट पाहिली, आणि गळ्यावरचा हात घट्ट करून पुन्हा बोलवलं.