डेहराडूनला तू कुंकू पुसलंस

ताई गं,

काल सकाळीच डेहराडूनहून लखनऊला परत आले. बॅगा अजून उघडल्या नाहीत. तुला जाऊन दीड महिना झाला आणि पत्र पाठवायला पत्ता नाही, हे कळतं मला. पण जे बारा वर्षांत तुझ्यासमोर बोलले नाही, ते परवा मी सासूबाईंसमोर बोलून आले. परतीच्या गाडीत सारखं वाटत राहिलं, की ज्या माणसाला आधी सांगायचं तेच राहिलं.

आपला पहिला डेहराडूनचा प्रवास तुला आठवत असेलच. शहात्तर सालचा जून. तू हॉस्पिटलातून तीन दिवस रजा घेतली होतीस. आई गेल्यावर, मी बारा वर्षांची असताना, अमरावतीहून तू मला लखनऊच्या छावनीतल्या तुझ्या क्वार्टरमध्ये आणलंस. तेव्हापासून एवढी रजा तू कधी घेतलेली मला आठवत नाही. या वेळी घेतलीस, कारण माझं लग्न ठरायचं होतं. मुलगा लखनऊतच, आलमबागेत राहणारा, बँकेत नोकरी. मराठी मंडळाच्या गणपतीत आमची ओळख झालेली. त्याचे वडील डेहराडूनला नकाशे काढायच्या कचेरीतून रिटायर झालेले. त्यांनी लिहिलं होतं, मुलीला घेऊन या, आमचं गावही बघून होईल.

हरिद्वार सुटल्यावर गाडी जंगलातून चढायला लागली, तशी तू खिडकी सोडेनास. दोन्हीकडे डोंगर आणि मध्ये ताटात वाढून ठेवल्यासारखं गाव! टांग्यातून जाताना रस्त्याच्या कडेनं कालव्याचं पाणी धावत होतं, आणि तू त्यात हात घालता येईल का म्हणून टांगेवाल्याला विचारलंस. तो हसला. तुला असं लहान मुलीसारखं मी कधी पाहिलंच नव्हतं.

धर्मशाळेत सामान टाकून आपण आधी गावातला गुरूंचा जुना दरबार, त्यांचं समाधिस्थान, बघायला गेलो, कारण त्यांच्या घरी दुपारी जायचं होतं. भिंतींवरची चित्रं बघत तू कितीतरी वेळ फिरलीस. तिथल्या म्हाताऱ्या सेवेकऱ्यानं सांगितलं, की तीनशे वर्षांपूर्वी या खोऱ्यात, या दूनमध्ये, गुरूंनी डेरा टाकला आणि त्यावरून गावाला नाव पडलं. तू मला म्हणालीस, "बघ शकू, बाहेरून आलेल्या एकानं तंबू ठोकला, आणि त्याचंच गाव झालं." तू आपल्या दोघींबद्दलच बोलत होतीस. मला ते कळलं, आणि तरी दहा मिनिटांनी मी तुला ते सांगितलं.

तलावाच्या पायरीवर बसलो होतो. मी तुझ्याकडे न बघता म्हणाले, की त्या लोकांना मी पत्रातून कळवलंय, ताईचे यजमान वारले म्हणून.

नवरा मारायचा म्हणून तू दुसऱ्याच वर्षी त्याचं घर सोडलंस, नागपूरला नर्सिंग शिकलीस आणि लांब लखनऊला नोकरी धरलीस. हे मला शाळेत असल्यापासून ठाऊक होतं. त्याची लाज कधी वाटली नव्हती. स्थळ आलं आणि वाटायला लागली! मोठी बहीण नवरा टाकून आलेली, मग धाकटीही तशीच निघेल, असं ते म्हणतील, ही भीती. कुणी म्हटलं नव्हतं, ताई. कुणी विचारलंसुद्धा नव्हतं.

तू रागावशील, रडशील, परत जाऊ म्हणशील, असं मला वाटलं होतं.  तू एवढंच विचारलंस, "कशानं वारला म्हणून कळवलंस?"

मी म्हणाले, कशानं ते लिहिलं नाही.

"मग ताप सांगू," तू म्हणालीस. "दोघींचं एक असलेलं बरं."

आणि उठून नळावर गेलीस. आलीस तेव्हा कपाळ धुतलेलं होतं. पदरानं इतकं घासलं होतंस, की कुंकवाच्या जागी लालच दिसत होतं.

मंगळसूत्र तू केव्हाच काढून ठेवलं होतंस, पण कुंकू रोज लावायचीस. शाळेत असताना मी एकदा विचारलं होतं, त्या माणसाचं कुंकू अजून का लावतेस? तू म्हणाली होतीस, "त्याचं कुठलं? आईनं पहिल्यांदा लावलं तेव्हा मी चार वर्षांची होते. तेव्हा कुठे होता तो?" हे मला माहीत होतं, ताई. माहीत असून मी तुला नळावर जाऊ दिलं.

त्यांच्या घरी सासूबाईंनी तुझा हात हातात घेतला. एवढ्या लहान वयात, असं त्या म्हणाल्या. आणि तू त्यांना सगळं सांगितलंस. टायफॉइड, किती दिवस ताप, कुठल्या दिवशी शुद्ध गेली. नर्सच तू, एकही चूक केली नाहीस. मी शेजारी बसून मान खाली घालून ऐकत होते आणि त्यांना ते दुःख वाटलं. निघताना त्यांनी करंडा आणला, मला कुंकू लावलं, ओटी भरली. तुझ्यासमोर क्षणभर थांबल्या, आणि मग तुझ्या हातात लिचीची पिशवी दिली.

स्टेशनवर मी काहीतरी बोलायला लागले, तर तू म्हणालीस, "ठरलं ना? मग झालं." लिची सोलून मला देत राहिलीस. तू स्वतः एकही खाल्ली नाहीस.

लग्नात हळद लावायला सवाष्णी हव्या होत्या. शेजारपाजारच्या पाच जणी आल्या. त्यांतल्या दोघींची नावंही मला माहीत नव्हती. मला वाढवलेली तू मागे आचाऱ्यापाशी उभी होतीस. हाक मारायला किती लागतं? तेवढंही मला झालं नाही.

पुढे सवयच झाली. माझ्या नवऱ्यालाही मी तेच सांगितलं होतं. सासूबाई आमच्याकडे असोत वा नसोत, तू आलमबागला यायच्या आधी रिक्षातच कपाळ पुसायचीस. माझी मिनी सहा वर्षांची असताना सगळ्यांसमोर म्हणाली, "मौसी, आपके माथे पर लाल लगा है." मी चहाचा कप उचलून आत जायला निघाले. तू मात्र शांतपणे म्हणालीस, "अस्पताल की लाल दवा लग गई होगी, बेटा." आणि माझ्याकडे पाहिलंही नाहीस. पाहिलं असतंस तर बरं झालं असतं. एकदा तरी का नाही भांडलीस माझ्याशी? तू भांडली असतीस तर मी रडून मोकळी झाले असते. ते सुख तू मला दिलं नाहीस, आणि बरोबरच केलंस.

आता शेवटचं, जे लिहायला हात उचलत नाही.

ड्यूटीवरून येऊन तू कोसळलीस आणि दुसऱ्या दिवशी गेलीस. तुझ्या हॉस्पिटलातल्या सिस्टर कमला तुला आंघोळ घालत होत्या. वीस वर्षं त्या तुला रोज बघत आलेल्या. त्यांनी मला विचारलं, "दीदी को बिंदी लगा दूँ? रोज़ लगाती थीं." तेव्हा आमच्याकडे आलेल्या सासूबाई दारात उभ्या होत्या. मी म्हणाले, "नहीं."

सिस्टर कमलांनी हातातली डबी बंद केली.

त्या "नहीं"नं मला दीड महिना जेवू दिलं नाही. म्हणून परवा एकटीच डेहराडूनला गेले. सासूबाई अंगणात तांदूळ निवडत बसल्या होत्या. मी समोर बसले आणि एका दमात सगळं सांगितलं. तो माणूस अमरावतीत जिवंत आहे, ताईनं त्याला सोडलं होतं, विधवा तिला मी केलं.

त्यांनी तांदळाचं ताट बाजूला सारलं. मला वाटलं, फसवलं म्हणून बोलतील.  पण त्या म्हणाल्या, "शकू, बारा वर्षं ती माझ्या समोर येत होती. दर वेळी मी तिला कुंकू न लावता पाठवलं. माझ्या हातून तू हे करवलंस. आणि तू बघत बसायचीस?"

मी हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते?

मग त्यांनी तुझं वय विचारलं, ताई, मार खाऊन घर सोडावं लागलं तेव्हाचं. मी सांगितलं, एकोणीस. त्या उठून आत गेल्या आणि स्वयंपाकाला लागल्या. संध्याकाळी मी निघताना एवढंच म्हणाल्या, की मला सांगितलं असतंस तर मी तिला मांडवात सगळ्यांच्या पुढे बसवलं असतं. खरंच बसवलं असतं की नाही, मला माहीत नाही. तशी संधीच मी त्यांना दिली नाही, तुलाही नाही.

ताई, माफी मागत नाही. तू "मग झालं" म्हणून मोकळी होशील, ते मला नको आहे.

एक वचन देते. मिनी आता शाळेतून येईल. तुझ्याबद्दल कुणी विचारलं, की ती सांगते, मौसी बेचारी विधवा थीं. हे तिला मीच शिकवलंय. आज तिला जवळ बसवून सांगणार आहे, की तुझी मावशी बिचारी नव्हती. मार खात राहायचं नाही असं तिनं एकोणिसाव्या वर्षी ठरवलं, एकटीनं परक्या गावात घर मांडलं आणि तुझ्या आईला वाढवलं. आणि तुझ्या आईला तिची लाज वाटली. हे शेवटचं वाक्यही सांगणार आहे, गाळणार नाही. ती हिंदीत विचारेल, "क्यों, मम्मी?" त्यावर उत्तर देता आलं नाही, तरी तिच्यासमोरून उठणार नाही.

तुझ्या हाताखाली वाढलेली,
शकू