डबा आणि सप्लाय माझ्याकडे

४ मे, रविवार. सकाळी ७.
मोनालीच्या कॉम्प्युटरचे पार्ट आले. प्रोसेसर, मदरबोर्ड आणि एक लांबलचक ग्राफिक्स कार्ड. कार्ड दिवाणावर उशी टाकून ठेवलं आहे, माझ्या बसायच्या जागेवर. पोरगी कॉम्प्युटरवर न बांधलेल्या घरांची चित्रं काढते. खिडकीतून ऊन आलेलंसुद्धा दाखवते. दोन वर्षं इथल्या, अमरावतीच्या राजापेठेतल्या ट्युशनवाल्यांचे बोर्ड आणि पत्रकं करून तिनं हे पैसे जमवले.

आता पुण्याच्या एका कंपनीनं नोकरी दिली. अट एकच. २६ मेला स्वतःचं मशीन चालवून दाखवा, घरूनच काम करा. नाही जमलं तर २ जूनला पुण्यात हजर.

म्हणजे पुणं कॅन्सल. कारण आता उरलं काय? कॉम्प्युटरचा डबा आणि त्याला करंट देणारा सप्लाय. दोन्ही बापाकडून, असं मी काल जेवताना जाहीर केलं. बायको जयवंता म्हणाली, तुमाले त्यातलं काय समजते जी, पोरीचं पोरीले घेऊ द्या. जयवंताचं असंच आहे. घरच्या माणसाची किंमत नाही.

संकल्प: १५ तारखेपर्यंत काम फत्ते.

५ मे, सोमवार.
मोनालीनं मोबाईलवर डबा आणि सप्लाय आधीच निवडून ठेवले होते. दोन्ही मिळून साडेआठ हजार! पत्र्याच्या डब्याचे आणि त्या डब्यातल्या डबीचे! ऑर्डर कॅन्सल करायला लावली. तीस वर्षं भाजीबाजारात गेली माझी. साधं वांगं मी हातात घेतल्याशिवाय घेत नाही, आणि इथे फोटो पाहून साडेआठ हजार? ती म्हणाली, बाबा, सप्लाय चांगलाच लागते, त्याच्यात पैसे नाही वाचवत. मी म्हणालो, बेटा, पैसे कुठंही वाचतात, वाचवणारा पाहिजे.

तिनं मोबाईल उलटा करून ठेवला. पटलं असावं.

८ मे, गुरुवार.
दुपारी मार्केटचा सर्व्हे. पंचेचाळीस डिग्री. चार दुकानं. प्रत्येक डबा टिचकी मारून पाहिला. पत्रा पातळ. एका दुकानदारानं विचारलं, कार्ड किती लांब आहे? मी म्हणालो, नॉर्मल. बोर्डची साइज? म्हणालो, असते तेवढी. मग तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. धंदा करायची पद्धत नाही लोकांना.

उसाचा रस दोन ग्लास. अभ्यास चालू.

११ मे, रविवार.
उपाय घरातूनच निघाला. अकोल्याहून साळ्याचा फोन. शेखर म्हणाला, भाऊजी, ओळखीतल्यानं दुकान बंद केलं, त्याच्याकडं एक डबा पडून आहे, पुढून काच, आत रंगीत लाइट, हजारात देते. फक्त कार्डाचं माप सांगा.

टेप सापडेना. मी वितीनं मोजलं. बरोबर दीड वीत. शेखरनं तिकडे डब्यात हात घालून मोजलं. दीड वीत जागा आहे म्हणाला. मोनाली आतून म्हणाली, बाबा, तीस सेंटिमीटर सांगा न. मी म्हणालो, तेच सांगून राहिलो.

१३ मे, मंगळवार. रात्री ८.
अकोल्याला जाऊन डबा आणला. एसटीत मांडीवर घेऊन बसलो. मूर्तिजापूरला एक बाई चढल्या, त्यांनी विचारलं, काय होय भाऊ, देव्हारा होय का? मी म्हणालो, कॉम्प्युटर, पोरीचा, पुण्याच्या कंपनीचं काम घरी बसून करणार आहे. शेजारच्या माणसानं विचारलं, कितीले पडला? हजार म्हटल्यावर आख्ख्या गाडीनं मान हलवली. बऱ्याच दिवसांनी इतकं समाधान वाटलं.

मुदतीच्या दोन दिवस आधी अर्धं काम झालं. मोनालीनं काच पुसून पाहिली आणि लाइट छान आहेत म्हणाली.

१४ मे, बुधवार.
कार्ड बसत नाही. दोन बोटं कमी पडतात.

माझी वीत बरोबर होती. शेखरचा पंजा लहान आहे, त्यात माझा काय दोष? सासरचे सगळेच आखूड हाताचे, हे मला लग्नातच कळायला हवं होतं. मोनालीला म्हणालो, कार्डाचं टोक जरा घासता येईल का? तिनं कार्ड उचललं आणि आपल्या खोलीत नेऊन ठेवलं.

मोनाली म्हणते, अजून वेळ आहे, माझी ऑर्डर परत टाकू का? नाही म्हणालो. हातात घेतलेलं काम मी सोडत नाही.

१७ मे, शनिवार.
नांदगाव पेठला नत्थुजीकडे गेलो. कूलरच्या बॉडी बनवतो. त्यानं विचारलं, हे कायचं कूलर होय? समजावून सांगितलं. त्यानं आतली एक जाळी कापून काढली, मागचा पत्रा हातोडीनं ठोकून बाहेर केला. डब्याला थोडा पोक आला आहे, पण कार्ड बसलं! घरी येऊन मी स्वतः बसवून पाहिलं. मोनाली तोवर डोळे मिटून उभी होती.

लाइट आता फक्त हिरवा लागतो. हिरवा रंग डोळ्यांना चांगला.

१९ मे, सोमवार.
आता सप्लाय. शेखरनं फोनवर महत्त्वाची गोष्ट सांगितली. चांगल्या सप्लायमधी तांबं जास्त असते भाऊजी, वजन लागते त्याले. हे म्हणजे माझंच क्षेत्र झालं! वजनात मला फसवणारा माणूस या जिल्ह्यात नाही. दुकानातला छोटा काटा पिशवीत घातला आणि निघालो.

तीन दुकानांत सप्लाय तोलले. एकानं ऐकवलं, काका, हा सप्लाय होय, वांगे नाही. लक्ष दिलं नाही. मोनालीनं निवडलेला सप्लायही एका दुकानात होता. दीड किलो भरला. आणि शेवटच्या दुकानात, अकराशे रुपयांत, सातशे वॉटचा, एक किलो नऊशे ग्रॅम! वर सोनेरी स्टिकर. सौदा न करता घेतला. आयुष्यात पहिल्यांदा.

२० मे, मंगळवार.
मोनाली म्हणते, या कंपनीचं नाव कधी ऐकलं नाही, मी माझ्या कार्डाले हे नाही लावत. मी म्हणालो, काट्यावर ठेवून पाहा. ती म्हणाली, बाबा, प्लीज, आज ऑर्डर टाकली तर पंचवीसला येते.

मला वाईट वाटलं. म्हणालो, तीस वर्षं लोकांनी माझ्या काट्यावर डोळे झाकून भरोसा ठेवला, घरात मात्र कोणाला भरोसा नाही. जेवलो नाही. म्हणजे थोडंच जेवलो.

२२ मे, गुरुवार. दुपारी ४.
चालू झालं!!!

सकाळी ती स्वतःच म्हणाली, लावून पाहू. माझं मन राखायला. बटण दाबलं, हिरवा लाइट, पंखे गरगर, स्क्रीनवर चित्र. जयवंतानं मशीनला हळदकुंकू लावलं. मी आळीत अर्धा किलो पेढे वाटले आणि प्रत्येक घरी सांगितलं, पोरगी कुठं जात नाही, इथंच राहणार. पंचफुला मावशी म्हणाल्या, बरं झालं बाप्पा, घर भरलेलं राहिलं.

साडेआठातले सहा हजारांच्या वर वाचले. हे मी मोनालीला दोनदाच सांगितलं.

२३ मे, शुक्रवार.
चालू आहे. साधं काम करते. मात्र घराचं मोठं चित्र करायला घेतलं की बंद पडते. मोनाली म्हणते, कार्डानं करंट मागितला की सप्लाय बसते. मी सुचवलं, लहान घरं काढ.

मशीनसमोर कूलर लावला. तरी बंद. कूलर बंद करून घरचे सगळे लाइट बंद केले. तरी बंद.

२४ मे, शनिवार.
जळका वास आला. सप्लाय घेऊन दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, त्याची गॅरंटी नसते. मी आवाज चढवला. मग त्यानं चार स्क्रू काढले आणि उघडून दाखवला. आत मूठभर वायरी, आणि तळाला साबणाच्या वडीएवढा सिमेंटचा ठोकळा गमानं चिकटवलेला.

वजनासाठी.

दुकानदार म्हणाला, मले तरी काय माहीत, दिल्लीहून माल येते. मी पाहत राहिलो. मेथीच्या, सांभाराच्या जुड्यांवर आम्हीही पाणी मारतो, पण ते माल ताजा राहावा म्हणून. हे वेगळं आहे. पुष्कळच वेगळं आहे.

घरी सांगितलं, शॉर्ट झाला होता. मोनालीनं पिशवीत पाहिलं. ठोकळा मी फेकला नव्हता. तिनं पाहिला आणि पिशवी परत बंद केली. चिडली असती तर बरं झालं असतं.

२६ मे, सोमवार.
शनिवारी भांडून त्याच दुकानातून बदलून आणलेला सप्लाय लावला. अकरा वाजता कंपनीचा व्हिडिओ कॉल. मी दाराआड उभा. त्यांनी एक चित्र करायला दिलं. बंद. पुन्हा दिलं. बंद. तिनं मोबाईलवरून फोन लावला आणि चार दिवस मागितले. कंपनीचा माणूस गोड बोलला. म्हणाला, काही हरकत नाही, इथं सिस्टिम तयार आहे, सोमवारी या.

ती त्यांना म्हणाली, सॉरी सर, पार्ट निवडताना माझी चूक झाली.

माझी, असं ती म्हणाली. मी हे लिहून ठेवतो आहे, कारण तिथं जाऊन खरं सांगायची माझी हिंमत झाली नाही.

२८ मे, बुधवार.
मीच ऑनलाइन ऑर्डर टाकायला बसलो. तिनं निवडलेलाच सप्लाय, तिनं निवडलेलाच डबा. पैसे भरताना ओटीपी आला नाही. मोनाली म्हणाली, राहू द्या बाबा, आता मी तिथंच घेईन. पार्ट सूटकेसमध्ये गेले. कार्ड तिनं माझ्या लग्नातल्या शालीत गुंडाळलं. शाल जयवंतानंच काढून दिली, मला न विचारता.

१ जून, रविवार.
संध्याकाळी ट्रॅव्हल्सवर सोडून आलो. गाडीत चढताना पाया पडली आणि म्हणाली, बाबा, तुमी लय केलं माझ्यासाठी. मी म्हणालो, डबा पाठवतो नंतर. ती हो म्हणाली. गाडी सुटल्यावर मी बराच वेळ तिथंच उभा होतो. रिक्षा मिळत नव्हती.

प्रत्यक्षात मिळत होत्या.

११ जून, बुधवार. दुपारी २.
मोनालीचा फोन. तिकडे डबा आणि सप्लाय मागवले, दुसऱ्या दिवशी आले, तासाभरात बसले. साडेआठ हजारच लागले. रविवारी दिवसभर मोठं चित्र चाललं, एकदाही बंद पडलं नाही.

मग म्हणाली, साहेब खूश आहेत, तुझं मशीन चालते तर अमरावतीहून काम कर म्हणाले. मी विचारलं, मग कधी येतेस? सकाळच्या गाडीनं निघालीस तर मी घ्यायला येतो.

ती हळूच म्हणाली, बाबा, मी त्यांले नाही म्हटलं. इथं चांगलं वाटून राहिलं. शिकायले मिळते, मैत्रिणी झाल्या. रागावू नका.

मी म्हणालो, कायचा राग, बरं केलं. फोन ठेवला. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते खरं आहे, आणि उन्हामुळे नाही.

जयवंता स्वयंपाकघरातून आली. तिनं विचारलं, काय म्हणे पोरगी, येते का?

मी म्हणालो, मशीन मस्त चालून राहिलं म्हणे.