दाराबाहेरची दहा मिनिटं

नांदेड, रविवार

प्रिय जिक्रा,

तू रागावून गेलीस त्याला आज आठ दिवस झाले. रोज संध्याकाळी येणारा तुझा फोन येत नाही, आणि मी केला तर ‘वर्गात आहे’ म्हणतेस. संध्याकाळी सात वाजता लातूरला कुठली शाळा भरते, ते एकदा कळव. फोनवर तू मला मध्येच तोडतेस, म्हणून हे पत्र. तू मराठीची बाई, माझ्या चुका काढशील, खुशाल काढ. पण शेवटपर्यंत वाच. शेवटाआधी उठून जायचा हक्क या घरात फक्त माझा आहे, असं तूच म्हणाली होतीस.

तुझी तक्रार मला मान्य आहे. आमचा जावई शहेबाज एवढ्या हौसेनं आला, त्यानं आपल्या टीव्हीला स्वतःचा लॅपटॉप जोडून ‘पिछला दरवाजा’ सिनेमा लावला, खिडकीचे पडदे ओढले, आणि ऐन शेवटची दहा मिनिटं राहिली, पडद्यावरच्या जिन्यात काठीची टकटक सुरू झाली, तसा मी उठलो. बाहेर गेलो, दार ओढून घेतलं आणि दाराला पाठ लावून ओट्यावर उभा राहिलो. तुम्ही तहारीच्या भाताला हातही न लावता दुपारच्या गाडीनं लातूरला निघालात. जाताना तू म्हणालीस, ‘अब्बा, तुम्ही त्याच्यावर जळता.’ हो बेटा, जळतो. लई जळतो. लग्नात तुझी पाठवणी करताना जेवढं वाईट वाटलं नव्हतं, तेवढं त्या दिवशी तुम्हा दोघांना एका पांघरुणात पाय घालून तो सिनेमा बघताना पाहून वाटलं.

तुझ्या नवऱ्यात खोट नाही. चहा पिऊन कप स्वतः धुतो, तुझ्या अम्मीचं गुडघ्याचं औषध लक्षात ठेवतो. पण त्याचा तो ग्रुप! चार हजार माणसं रोज सकाळी उठून एकमेकांना साठ वर्षांपूर्वीच्या सिनेमाचे फोटो पाठवतात म्हणे. पाठवोत बापडे. मला राग याचा आला की माझ्याच खुर्चीत बसून तो मला सांगतो, ‘अब्बा, पहिल्या सीनमधला कप नीट बघा, सगळं त्याच्यात आहे.’ अरे, मी टॉकीजच्या दारावर सदतीस वर्षं काढली. हा सिनेमा दर वर्षा-दोन वर्षांनी परत यायचा आणि आठवडाभर हाउसफुल जायचा. तो कप माझ्या डोळ्यांदेखत इतक्या वेळा फुटलाय की तसे खरे फुटले असते तर जुन्या मोंढ्याच्या बाजारातला भांडीवाला श्रीमंत झाला असता. आणि तू त्याच्याकडे बघून माना डोलावत होतीस, जणू कप हा प्रकारच त्यानं शोधून काढलाय.

जुनाट सिनेमाला लोक का चिकटून राहतात, हे शहेबाज कॅमेऱ्यात शोधतो. मी ते माणसांत पाहिलंय. भोकरचे हणमंतराव आठवतात का? मोठे शेतकरी, डोक्याला पटका, तुला लहानपणी खारे शेंगदाणे द्यायचे ते. पहिल्यांदा ते एकटे आले, खुनी कोण ते शोधायला. पुढच्या वेळी सिनेमा लागला तसे बायकोला, केवळाबाईंना घेऊन आले. नंतर भावाला, नंतर मुलाला, सुदर्शनला. मी एकदा विचारलं, की पाटील, खुनी तर तुम्हाला ठाऊक आहे, मग एवढी बसची दगदग कशाला? तर म्हणाले, ‘निजामभाई, म्या पडद्याकडं बघतच न्हाई. आमच्या पोराचं तोंड बघाया आलो.’ त्या दिवसापासून मी बॅटरी घेऊन प्रेक्षकांत बघायला लागलो. अर्धी टॉकीज शेजारच्याच्या तोंडाकडे बघत बसलेली असायची. ज्याला माहीत आहे त्याची चैन असते, पण ज्याला अजून कळायचंय त्याचा त्याला हेवाही वाटत असतो. आपलं गेलं ते दुसऱ्याच्या तोंडावर परत बघायला माणूस पुन्हा तिकीट काढतो.

तसंच एक तोंड मी माझ्यासाठी राखून ठेवलं होतं, तुझं. तू सहा वर्षांची होतीस तेव्हापासून मी तुला जेवू घालताना हीच गोष्ट सांगायचो. डोंगरावरचं घर, मेलेला वकील, घरातली पाच माणसं, बंद असलेला मागचा दरवाजा. काठीची टकटक आली की मी थांबायचो: पुढचं पडद्यावर. तू चिडायचीस, माझ्या दंडाला चावायचीस. मग तुझे अंदाज सुरू. माळी, डॉक्टर, आत्या. एकदा तर तू वकिलालाच खुनी ठरवलंस. मी नुसती मान हलवून हसायचो. दहावी झाली की आपण दोघं सोबत बघू असं ठरलं होतं, आणि तू दहावी झालीस त्याच एप्रिलला टॉकीजला कुलूप लागलं. पुढं तू शिकायला लातूरला गेलीस, तिथंच नोकरी, तिथंच लग्न. आणि लग्नाला महिना होत नाही तोच तुझा फोन: ‘अब्बा, आम्ही औशाला जाताना गाडीत मोबाईलवर बघितला! माझे सगळे अंदाज चुकले!’ तू नाव सांगणार तोच मी ओरडलो, की नको, रस्त्यावर माणसं ऐकून राहिली. तू हसलीस, मी फोन ठेवला. त्या दिवशी मी जेवलो नाही. पोर सहा वर्षांची होती तेव्हापासून मी जे जपलं, ते तोंड दुसऱ्यानंच पाहिलं, तेही धक्के खाणाऱ्या गाडीत, वीतभर पडद्यावर!

आणि आता मागच्या रविवारचं. काठी वाजायला लागली आणि मी बघतो तर शहेबाजनं खुर्ची फिरवली. त्याला पडदा नको होता, तो माझ्या तोंडाकडे बघत होता. म्हणून मी उठलो.

कारण, जिक्रा, मी तो शेवट कधीच पाहिलेला नाही. शेवटच्या रिळाला दारावरचा माणूस बाहेर, हा मालकांचा नियम होता. पुढच्या शोची माणसं दाराला कान लावायची, त्यांना हटवायचं, दार दोन्ही हातांनी धरून ठेवायचं. आतली माणसं मागच्या दारानं गल्लीत निघून जायची. सदतीस वर्षं मी दारापलीकडून एवढंच ऐकलं: काठी, घड्याळाचे टोले, मग ती बाई विचारते, ‘आप?’ आणि मग सहाशे माणसं एकदम श्वास ओढतात. कोण उभं होतं तिथं, मला ठाऊक नाही. एकदा रजा टाकून भोकरच्या जत्रेतल्या तंबूत बघायला गेलो, तर तिथल्या प्रिंटचं नेमकं शेवटचं रीळ इतकं तुटलेलं की ‘आप?’नंतर सरळ शोनंतरचं जन-गण-मन लागलं. तोवर मी गावभर प्रसिद्ध झालो होतो. लोक चहा पाजायचे, पान द्यायचे, निजामभाईंच्या पोटातून शेवट काही निघत नाही म्हणायचे. निघणार कुठून, पोटात होता कुठे! मला माहीत नसेल असं कुणाच्या मनातही आलं नाही, म्हणून मला कुणी सांगितलंही नाही. फक्त तुझ्या अम्मीला हे माहीत आहे. तिनं बायकांच्या बाकड्यांवर बसून शेवट पाहिलाय आणि चाळीस वर्षं माझी मजा बघतेय. काल म्हणाली, ‘लिख डालो जी बच्ची कू. कित्ते दिन मुंडी हिलाते बैठते?’ म्हणून लिहितो. मोबाईलवर मलाही तो सापडला होता, पण आपलं सोबत बघायचं ठरलं होतं, म्हणून बोट लावलं नाही. तू माझ्याआधी बघितलास, जाऊ दे. ते राखून ठेवलेलं कोरं तोंड तुझं नसेल, माझं असेल. येत्या रविवारी ये. तू पडद्याकडे बघू नकोस, माझ्याकडे बघ. या वेळी मी उठणार नाही. शहेबाजलाही आण, त्याच्यासाठी तहारी करायला सांगतो. फक्त काठी वाजायला लागली की त्याला दाराबाहेर उभं कर. कुणालातरी तिथं उभं राहावंच लागतं.

तुझी वाट बघणारा, तुझाच
अब्बा