फिका शर्ट

आप्पा, परवा बेळ्ळंदूरला एका कंपनीत माझा इंटरव्ह्यू होता आणि आदल्या दिवशी संध्याकाळी मी पलंगावर पाच शर्ट मांडून त्यांच्याकडे बघत उभा होतो. माझा नागपूरचा रूममेट चहाचा कप घेऊन दारात. म्हणाला, "काळं टी-शर्ट घाल बे. स्टार्टअप आहे ते. फॉर्मल घालून गेलास तर त्यांना वाटेल, क्रेडिट कार्ड विकायला आलाय." आईला व्हिडिओ कॉल लावला तर ती म्हणाली, "तो मरून रंगाचा घाल, त्यात तू जरा भरलेला दिसतोस." मला ही नोकरी इतकी हवी होती ना, की दोघांचंही पटत होतं.

नोकरी कसली ते आधी सांगतो, म्हणजे तुम्हाला हसता येईल. ही कंपनी एक ॲप बनवतेय. बाईनं घरी बसून फोनवर साडी निवडायची आणि ती तिच्या अंगावर कशी दिसेल ते फोननं दाखवायचं. त्यासाठी कॉम्प्युटरमधलं कापड खऱ्या कापडासारखं पडायला हवं, वळायला हवं, आणि मला नेमकं तेच येतं. कॉलेजपासून याचं वेडच आहे मला. बाकीची मुलं गेम खेळायची तेव्हा मी त्यातल्या राजाचा शेला चुकीचा उडतोय म्हणून चिडायचो. तुम्ही म्हणाला असतात, "त्याला कॉम्प्युटर कशाला? खांदा आहे की."

तुमचा खांदा. चिकपेटच्या बाजारातल्या त्या साड्यांच्या दुकानात, वरच्या मजल्यावर, पांढऱ्या गादीवर बायका बसलेल्या असायच्या आणि समोर तुम्ही उभे. गठ्ठ्यातून साडी ओढायची, एका झटक्यात उलगडायची, डाव्या खांद्यावर टाकायची, पदर हातावर पसरायचा आणि आरशासमोर किंचित वळायचं. एवढ्या मिशा असलेला माणूस आणि अंगावर पोपटी साडी. दुकानात घालायचे तुमचे शर्ट चारच, चारही फिके, प्लेन. आईनं एका दिवाळीला निळ्या चौकड्यांचा आणला तर तो तुम्ही फक्त रविवारी घालायचात. मी विचारलं, असं का, तर म्हणालात, "दुकानात माझा शर्ट दिसला तर साडी दिसत नाही रे."

मी सातवीत आहे. शनिवारी शाळा सुटल्यावर दुकानात कोपऱ्यात बसून होमवर्क करतोय, आणि जिन्यावरून माझ्या वर्गातला मुलगा वर येतो, त्याच्या मम्मीबरोबर. मी वही उचलून सरळ खोक्यांच्या मागे. तिथून सगळं ऐकू येतंय. तो हसतोय, "मम्मी, लुक, अंकलनी साडी नेसलीय!" त्याची मम्मी त्याला दटावतेय. आणि तुम्ही मजेत म्हणताय, "अक्का, या मिशांवर एवढी छान दिसतेय, मग तुमच्यावर काय दिसेल सांगा!" त्या बाई दोन साड्या घेऊन गेल्या. तुम्ही मला खोक्यांमागे जाताना बघितलं होतंत. हाक नाही मारलीत.

गिऱ्हाईक गेल्यावर गादीवर उलगडलेल्या साड्यांचा ढीग. तुम्ही एकेक घेऊन घडी घालत होता, काठ हनुवटीखाली धरून, दोन्ही हात पसरून, चार हालचालींत साडी जशीच्या तशी. मला म्हणालात, "ये, शिकून घे. दोन मिनिटांचं काम आहे." मी वहीतून डोकं वर न काढता म्हणालो, "आय ॲम नॉट गोइंग टू डू धिस." मराठीत म्हणायची हिंमत नव्हती बहुतेक. तुम्ही फक्त "सरी" म्हणालात, 'बरं' म्हणायला इथली कानडी माणसं म्हणतात तसं, आणि पुढची साडी उचललीत. परत कधी बोलावलं नाहीत. दहावीच्या वर्षी तुम्ही गेलात. शाळेच्या फॉर्मवर वडिलांच्या व्यवसायापुढे मी तोवर 'टेक्सटाईल बिझनेस' असंच लिहीत आलो होतो.

तर परवा मी शेवटी ऑफ-व्हाईट घातला. प्लेन. रूममेट म्हणाला, "हे काय, डेंटिस्ट दिसतोस." म्हटलं दिसू दे.

समोर तिघं होते. दोन माझ्याच वयाचे आणि एक मॅडम, पन्नाशीच्या, डिझाईनचं सगळं त्याच बघतात. मी लॅपटॉपवर माझा डेमो दाखवला, साडी खांद्यावरून खाली येतेय. ते दोघं खूश. मॅडमनी पिशवीतून खरी कांजीवरम काढून टेबलावर ठेवली. "तुझ्या साडीत आणि हिच्यात काहीतरी फरक आहे. काय ते सांग." मी स्टिफनेस, फ्रिक्शन, फॉर्म्युले सुरू केले. दोन मिनिटांनी त्या नाही म्हणून मान हलवायला लागल्या. "मागच्या दोघांनीही हेच सांगितलं," म्हणाल्या आणि पेनाला टोपण लावलं. आप्पा, त्या टोपणाचा टक् आवाज झाला आणि मला कळलं, नोकरी गेली.

मग मी उठलो. साडी उचलली, एका झटक्यात उलगडली आणि डाव्या खांद्यावर टाकली. पदर हातावर घेतला. काचेच्या भिंतीपलीकडे लोक लॅपटॉप घेऊन थांबले, एकानं तर फोन काढला. काढू दे. मी किंचित वळलो, अगदी तुमच्यासारखा, आणि म्हणालो, "मॅडम, काठ बघा. जरीची तार जड असते. आधी काठ खाली जातो, मग बाकीचं अंग त्याच्यामागे येतं. माझ्या स्क्रीनवर दोन्ही एकदम पडतायत. सगळ्या साडीला मी एकच वजन दिलंय. चूक माझी आहे." खोलीत तिघंही साडीकडेच बघत होते. माझा शर्ट कोणालाच दिसला नाही. आज विचारलं तर रंगसुद्धा सांगता येणार नाही त्यांना.

मॅडमनी टोपण काढलं. "कुठे शिकलास हे?"

"माझे वडील चिकपेटला साडीच्या दुकानात होते."

त्या दोघांतला एक म्हणाला, "ओह, युअर फॅमिली ओन्स अ स्टोअर?"

"नाही. सेल्समन होते. पहिल्या नोकरीपासून शेवटपर्यंत, एकाच दुकानात." इतकं सोपं होतं ते वाक्य, आप्पा. आणि म्हणताना मी चक्क ताठ उभा होतो, खांद्यावर साडी घेऊन.

आज सकाळी मेल आला. घेतलंय मला. आई फोनवर रडली, मग लगेच म्हणाली, "मरून घातला असतास तर परवाच सांगितलं असतं त्यांनी." हे मी फोनच्या नोट्समध्ये लिहितोय, कुठे पाठवणार. पण एक राहिलंच. निघताना मॅडम म्हणाल्या, "आता घडी घालून दे." मी काठ हनुवटीखाली धरला, हात पसरले, आणि साडी गुडघ्यापाशी जाऊन बसली. परत धरली, तर गाठोडं झालं. मॅडम हसत उठल्या, "स्वल्प इकडे दे," आणि माझ्या हातातून घेतली. सगळे हसले, मीही हसलो. आणि म्हणालो, घडी घालायला वडिलांनी कधी शिकवलंच नाही.

खोटं बोललो, आप्पा. तुम्ही बोलावलं होतंत.